राग कोणत्या घरातला?

बिलासखानी तोडीत रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे चारही स्वर कोमल आणि मध्यम शुद्ध. भैरवीचे स्वर नेमके हेच. तोडीची ओळख असलेले तीव्र मध्यम आणि शुद्ध निषाद या रागात औषधालाही सापडत नाहीत. तरीही गवई त्याला तोडी म्हणतो, तोडीच्याच वळणाने गातो, आणि गाता गाता कुठे भैरवी डोकावली तर समोर बसलेला जाणकार अस्वस्थ होतो. तानसेनाच्या निधनानंतर त्याचा मुलगा बिलासखान तोडी आळवू लागला आणि शोकाच्या भरात स्वर बदलून गेले, अशी आख्यायिका आहे. परीक्षेच्या पेपरात मात्र ‘बिलासखानी तोडीचा थाट कोणता?’ या प्रश्नाला ‘भैरवी’ असं उत्तर लिहिलं तरच गुण मिळतात.

विद्यार्थ्याचा इथे गोंधळ होतो आणि तो अगदी रास्त आहे. रागाचं घर ठरवायचं कशावरून? त्यात कोणते स्वर लागतात यावरून, की ते कसे लागतात यावरून? गेली शंभर-सव्वाशे वर्षं हा वाद मुख्यतः महाराष्ट्राच्या भूमीवर आणि मराठी माणसांमध्ये लढला गेला आहे, आणि त्याची पाळंमुळं त्याहून सातशे वर्षं मागे जातात.

वर्गीकरणाचा वाद समजून घ्यायला भिवंडीची गोदामं फार उपयोगी पडतात. ठाणे-भिवंडी रस्त्यालगत आणि नाशिक महामार्गाच्या अंगाने काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांच्या शिवारात त्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. एकच माल तिथे निरनिराळ्या पद्धतीने लावता येतो. औषधं मुदतीच्या तारखेप्रमाणे लावतात, जड माल खाली आणि हलका वर जातो, रोज उठणारा माल दाराजवळ राहतो, एकाच गिऱ्हाइकाचा सगळा माल एका बाजूला ठेवतात. यातली खरी मांडणी कोणती, असं तिथे कुणी विचारत नाही. माल कुणाला, कधी आणि कशासाठी काढायचा आहे, यावर मांडणी ठरते. रागांच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारायला विसरलो, म्हणून वाद इतका लांबला, असं मला वाटतं.

सुरुवात देवगिरीपासून करू. यादव राजा सिंघण याच्या दरबारात शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा प्रमुख अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात 264 राग आहेत आणि त्यांचे दहा वर्ग आहेत: ग्रामराग, उपराग, राग, भाषा, विभाषा, अंतरभाषा, रागांग, भाषांग, क्रियांग आणि उपांग. पहिले सहा मार्गी, शेवटचे चार देशी. नावं आज परकी वाटतात, पण त्यामागचा विचार पाहण्यासारखा आहे. शार्ङ्गदेव स्वर मोजून थांबत नाही. कोणता राग कोणापासून निघाला, कोणाची छाया कोणावर पडली, हे तो पाहतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे देशी रागांत पूर्वी प्रसिद्ध असलेले कोणते आणि हल्ली प्रसिद्ध असलेले कोणते, हेही तो वेगळं सांगतो. म्हणजे राग जुने होतात, मागे पडतात, नवे पुढे येतात, हे आठशे वर्षांपूर्वीच्या या माणसाने मांडणीतच धरलं होतं.

त्यानंतर उत्तरेत राग-रागिणी पद्धत रुजली. सहा पुरुष राग, प्रत्येकाच्या पाच किंवा सहा रागिण्या, पुढे पुत्र आणि पुत्रवधू. हनुमन्मताप्रमाणे सहा राग म्हणजे भैरव, मालकंस, हिंदोल, दीपक, मेघ आणि श्री. या कल्पनेने चित्रकारांना अपार दिलं; रागमालेची चित्रं राजस्थानापासून दख्खनपर्यंत काढली गेली. संगीताचं काम मात्र तिने फारसं केलं नाही. अमुक रागिणी अमुक रागाची भार्या का, याचं उत्तर सुरांत शोधायला गेलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. शिवाय शिवमत, भरतमत, कल्लिनाथमत आणि हनुमन्मत या चौघांचं आपसांतही जमत नाही. 1813 साली पाटण्याच्या मुहम्मद रझा यांनी ‘नगमाते आसफी’ या फारसी ग्रंथात ही पद्धत मोडीत काढली, आणि बिलावलचं सप्तक शुद्ध मानलं. तेच आज आपण ‘सा रे ग म’ म्हणून शिकतो.

आता विष्णु नारायण भातखंडे. जन्म 10 ऑगस्ट 1860, मुंबईत वाळकेश्वरला. शिक्षणाने आणि पेशाने वकील. तरुणपणी सतार शिकले, पारशी गायन उत्तेजक मंडळीत जाऊन धृपद-ख्यालाची तालीम घेतली. वकिलाची नजर त्यांना इथे कामी आली. एकच राग दोन उस्ताद दोन प्रकारे गातात, आणि दोघेही आपलाच खरा म्हणून शास्त्राचा हवाला देतात. पण ते शास्त्र दोघांपैकी कुणी वाचलेलं नसतं. मग पुरावा गोळा करायला भातखंडे घराबाहेर पडले. 1904 साली दक्षिणेत गेले, पुढे नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, काशी, लखनौ. ग्रंथालयं धुंडाळली, पंडितांना प्रश्न विचारले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या. त्या काळी चीज देणं म्हणजे घरातला दागिना देणं होतं. एवढ्या चिजा त्यांनी कशा मिळवल्या असतील, याचा विचार केला की त्यांच्या चिकाटीपुढे मान लवते.

दक्षिणेत त्यांना व्यंकटमखीची व्यवस्था भेटली. सतराव्या शतकातल्या ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ या ग्रंथात व्यंकटमखीने 72 मेळ मांडले होते. त्याचं गणित सुबक आहे. षड्ज आणि पंचम अचल. रिषभ-गंधाराच्या सहा जोड्या, धैवत-निषादाच्या सहा जोड्या, मध्यम दोन. सहा गुणिले सहा गुणिले दोन म्हणजे बहात्तर. उत्तरेच्या पद्धतीने एका स्वराचं एकच रूप घ्यायचं ठरवलं तर रे, ग, म, ध, नी या पाच स्वरांच्या प्रत्येकी दोन रूपांतून 32 सप्तकं निघतात. भातखंड्यांनी त्यांतली दहाच घेतली आणि त्यांना थाट म्हटलं: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी.

दहाच का, असा आक्षेप त्यांच्यावर कायम घेतला गेला. मला तो आक्षेप अन्यायाचा वाटतो. 1910 साली ‘चतुर पंडित’ या नावाने त्यांनी संस्कृतात जो ग्रंथ लिहिला, त्याचं नावच ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रचारात असलेलं. गणितातून निघणारी सगळी सप्तकं भरून काढणं हा त्यांचा हेतूच नव्हता. त्यांच्या काळी मैफलीत जे गायलं जात होतं ते सुसूत्रपणे मांडायचं होतं. मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ चार भागांत त्यांनी गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिली. ती आजही वाचावी अशी आहे, कारण शंका विचारणाऱ्या शिष्याला गुरु कुठेही गप्प बसवत नाही. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अठराशेच्या वर बंदिशी स्वरलिपीसह छापल्या गेल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, ही खूण तिथलीच.

या सगळ्या कामाला थाट हवा होता. बंदिशी छापायच्या, तर त्या कोणत्या क्रमाने? गुरूच्या घरी न राहणाऱ्या, आठवड्यातून चार तास वर्गात येणाऱ्या मुलाला राग शिकवायचे, तर सुरुवात कुठून? स्वर मोजता येतात, लिहिता येतात, त्यावर दुमत कमी होतं. सतारीवर पडदे सरकवून जी बैठक लावतात तिलाही थाटच म्हणतात. पडदे लावले म्हणजे राग वाजला असं सतारियाला कधीच वाटत नाही. भातखंड्यांनीही थाटाचे नियम सांगताना हे स्वच्छ म्हटलं: थाटात सात स्वर क्रमाने हवेत, पण तो गोड लागलाच पाहिजे असं नाही. तो गायचा नसतोच.

अडचणी येतात त्या इथून पुढे. ललितमध्ये दोन्ही मध्यम लागोपाठ येतात आणि पंचम मुळीच नाही. ज्या सप्तकात मध्यम एकच आणि पंचम हवाच, त्यात तो बसणार कसा? भातखंड्यांनी शुद्ध धैवताच्या आधारे तो मारव्यात ठेवला. कोमल धैवत लावणारे पूर्वीत टाकतात. पटदीपात गंधार तेवढा कोमल, बाकीचे सगळे स्वर शुद्ध. दहांतलं एकही सप्तक असं नाही, म्हणून तो काफीत. मधुवंतीला कुणी तोडीत बसवतं, तर तिचे रिषभ-धैवत शुद्ध. चारुकेशी आणि कीरवाणी कर्नाटकातून आले, आपलेसे झाले, त्यांना दहांत जागाच नाही. आसावरीची गंमत आणखी वेगळी. थाटाला तिचं नाव दिलं तेव्हा रिषभ शुद्ध धरला. धृपदाच्या परंपरेतली आसावरी मात्र कोमल रिषभाची. परिणामी जुनी आसावरी आसावरी थाटात राहू शकत नाही, तिला भैरवी थाटात जावं लागतं.

सगळ्यात मोठी फाटाफूट झाली कानड्याची. दरबारी, अडाणा, नायकी, शहाणा, सुहा, सुघराई हे सगळे कानड्याचे प्रकार. कोमल गंधार वक्र घेऊन ‘ग म रे सा’ असं खाली येणं, त्या गंधारावर आंदोलन देणं, यावरून ते ऐकताक्षणी ओळखू येतात. परंतु धैवत कोमल म्हणून दरबारी आणि अडाणा आसावरी थाटात गेले, आणि नायकी-शहाणा काफीत. गवयाच्या घरात हे सख्खे भाऊ, पुस्तकात त्यांची घरं वेगळी.

हे दुखणं ओळखलं नारायण मोरेश्वर खरे यांनी. खरे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि गांधीजींच्या साबरमती आश्रमातले संगीतज्ञ. आश्रम भजनावलीचं संपादन त्यांचं. 1930 च्या दांडीयात्रेतही ते होते. त्यांनी रागांग पद्धत मांडली. काही रागांची स्वरवाक्यं इतकी स्वतंत्र आहेत की ती दुसऱ्या रागात आली की लगेच ओळखू येतात. असे सुमारे तीस मुख्य राग घ्यायचे आणि बाकीचे राग त्यांच्या अंगाने लावायचे. कानड्याचं अंग, मल्हाराचं अंग, सारंगाचं अंग, तोडीचं, भैरवाचं, बिलावलचं. या मांडणीत बिलासखानी तोडीकडे जाते आणि कानड्याचं कुटुंब पुन्हा एकत्र येतं. अहिरभैरवात निषाद कोमल असला तरी उत्तर देताना अडखळावं लागत नाही, कारण त्याचं पूर्वांग भैरवाचं आहे. पलुस्करांचे आणखी एक मोठे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनीही थाटपद्धतीवर कठोर टीका केली.

गायकाच्या अनुभवाला रागांग जवळचं आहे, यात मला शंका नाही. मग ते शाळा-परीक्षांतून थाटाला हटवू का शकलं नाही? कारण अंग ओळखायला कान तयार असावा लागतो. सहा महिने शिकलेल्या मुलाला कोमल स्वर कोणते हे सांगता येतं. मल्हाराचा ‘म रे, रे प’ कुठे आला हे सांगायला वर्षं जावी लागतात. शिवाय काही रागांत दोन अंगं समसमान असतात. जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूरला आणि पुढे मुंबईला राहिले, आणि जोडरागांच्या गायकीची त्यांनी शर्थ केली. बसंती केदार घ्या. बसंत पूर्वी थाटाचा, केदार कल्याणाचा. एका तानेत दोन्ही राग, आणि सांधा दिसू नये ही कसोटी. थाटवाल्याची इथे कुचंबणा होते आणि अंगवाल्यालाही एक घर निवडता येत नाही. हा राग दोन घरांचा आहे, एवढंच म्हणावं लागतं. मला त्यात कमीपणा दिसत नाही. ज्या मांडणीत एक वस्तू दोन ठिकाणी नोंदवायची सोय नाही, ती मांडणीच अपुरी आहे.

हा वाद फक्त आपलाच नाही. इंग्लंडात 1969 साली किंग क्रिम्सन या वाद्यवृंदाची ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ ही तबकडी आली, आणि रॉक संगीताने तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली. येस, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर यांच्या रचना तबकडीची आख्खी बाजू व्यापू लागल्या. विषम मात्रांचे ताल आले, पाश्चात्त्य अभिजात संगीताची बांधणी आली. या सगळ्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, आणि त्याचे पोटप्रकार कोणते यावर रसिक अर्धशतक भांडत आले आहेत. वाद्यवृंदासारखी भव्य बांधणी असेल तर सिंफनिक. सॉफ्ट मशीन आणि कॅरव्हॅन हे दोन चमू कँटरबरी गावातल्या एकाच मूळ चमूतून निघाले, म्हणून त्यांच्या वळणाचं ते कँटरबरी. जर्मनीतल्या कॅन, फाउस्ट, नॉय यांना ब्रिटिश नियतकालिकांनी क्राउटरॉक म्हटलं. फ्रान्सच्या मॅग्मा या चमूने गाण्यासाठी स्वतःची भाषाच रचली. त्यांचा प्रकार झॉयल. 1978 साली लंडनमध्ये पाच देशांतले पाच चमू मोठ्या कंपन्यांच्या विरोधात एकत्र आले, त्यांच्या मंचाचं नाव ‘रॉक इन ऑपोझिशन’, आणि पुढे तेच एका शैलीचं नाव झालं. मॅरिलियनसारख्या ऐंशीच्या दशकातल्या चमूंना निओ-प्रोग.

एक नाव बांधणीवरून, एक गावावरून, एक देशावरून, एक एकाच चमूवरून, एक चळवळीवरून, एक काळावरून. तर्कशास्त्राचा शिक्षक ही यादी पाहून कपाळाला हात लावेल, कारण कसोटी दर वेळी बदलते. मला मात्र त्यात खरेपणा दिसतो. त्या त्या संगीतात जे सर्वांत ठळक होतं, त्यावरून नाव पडलं. आपल्या रागांची नावं तशीच आहेत: मुलतानी आणि जौनपुरी गावांवरून, अहिर आणि गुर्जरी लोकसमूहांवरून, मियाँ की तोडी माणसावरून. घराण्यांचंही तेच. कँटरबरीचा शिक्का पुढे त्या गावाशी संबंध नसलेल्यांवरही बसला. आपल्याकडे किराणा घराणं उत्तर प्रदेशातल्या कैराना गावाचं, पण अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि ती गायकी सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांच्या गळ्यातून धारवाड-हुबळीच्या मातीत वाढली. किराणा म्हणताना आज कुणालाही कैराना डोळ्यांसमोर येत नाही.

रागांच्या पलीकडे जाऊन आख्ख्या संगीताची वर्गवारी अशोक दा. रानडे (1937–2011) यांनी केली. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. आदिम, लोक, कला, भक्ती, जन आणि संगम अशा सहा कोटी त्यांनी मानल्या. शेवटची कोटी मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण दोन संगीतं भेटतात तेव्हा जे जन्मतं त्याला अपवाद म्हणून बाजूला न सारता तिने हक्काचं स्थान दिलं. प्रोग्रेसिव्ह रॉकला या मांडणीत सहज जागा आहे.

ही मांडणी भिवंडी तालुक्यातल्या आगरी लग्नघरात लावून पाहावी. धवलारीण एकेक विधी लावते आणि प्रत्येक विधीला तिचा धवला असतो. तो तोंडी परंपरेने आला म्हणून लोकसंगीत, देवांना आवाहन आहे म्हणून भक्तिसंगीत. त्याच घरी हळदीच्या रात्री आगरी-कोळी गाणी स्पीकरवर लागतात, ती मात्र उघडच जनसंगीत. तिथून थोड्या अंतरावर दर्ग्याच्या उरुसातली कव्वाली भक्तीची, आणि तीच कव्वाली तिकीट लावून मुकाबल्याच्या मंचावर गेली की जनांची. गाण्याचे शब्द-सूर तेच राहून फक्त प्रसंग बदलला तरी कोटी बदलते. थाट-अंगाच्या वादात प्रसंगाचा हा विचार फारसा आलाच नाही. भातखंड्यांनी रागाच्या वेळेचा संबंध स्वरांशी जोडला होता, तेवढाच काय तो अपवाद.

गेल्या काही वर्षांत वादात एक नवा साक्षीदार आला आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रीती राव आणि कौस्तुव कांती गांगुली यांनी भूप-देशकार, पूरिया-मारवा अशा जोड्यांचं ध्वनिमुद्रणांवरून संगणकाने विश्लेषण केलं. भूप आणि देशकार या दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भातखंडे भूपाला कल्याणात आणि देशकाराला बिलावलात ठेवतात, आणि खरं तर हे स्वरांवरून ठरवताच येत नाही, कारण दोन्हींत मध्यम नाही. म्हणजे थाटाच्या कर्त्यानेही इथे चालीवरूनच निर्णय दिला. भूप गंधाराशी रमतो, देशकार धैवताशी. देशकारात रिषभ दुबळा. कोणत्या स्वरावर किती वेळ थांबलं, त्याच्या आसपास स्वर नेमका किती चढा-उतरा लागला, स्वरवाक्य कोणत्या वळणाने आलं, हे सूक्ष्मपणे मोजलं तर दोन राग वेगळे पडतात. खऱ्यांनी ज्याला अंग म्हटलं ते कानाचा भास नव्हतं, मोजता येणारी गोष्ट होती.

शिकवताना म्हणूनच क्रम बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे. थाट ठेवावा, ग्रंथालयात आणि सूचीत त्याच्यासारखी सोय नाही. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘राग भूप, थाट कल्याण’ ही ओळ पाठ करायला देण्याआधी भूप आणि देशकार एकाच बैठकीत, एकापाठोपाठ ऐकवावेत. दुसऱ्या वर्षी मारवा, पूरिया आणि सोहनी. तिसऱ्या वर्षी दरबारी आणि नायकी कानडा, आणि मगच त्यांचे दोन थाट सांगावेत. बसंती केदार कोणत्या घरातला, हा प्रश्न तेव्हा विद्यार्थी स्वतःहून विचारील.